शून्य लिहायलाही वर जावं लागतं

सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी थेंबमावशींनी सुजलेल्या गुडघ्यावरचा पट्टा सोडून पुन्हा आवळला, वही पिशवीत टाकली आणि काठी उचलली. टेकडीच्या माथ्यावर तांब्याचं पर्जन्यमापक आहे. चोवीस तासांत त्यात किती पाणी साठलं, ते बरोबर साडेआठला पाहून लिहायचं, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. नाव त्यातूनच चिकटलेलं.

गेल्या महिन्यात हवामान कार्यालयाने तिथेच आपोआप नोंद करणारं यंत्र बसवलं. तीस दिवस दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे ठरले. मावशींची एक नोंद जरी हुकली, तरी तांब्याचं भांडं उचलणार आणि त्यांचं कामही जाणार. आज तेविसावा दिवस.

सून दारात आडवी उभी राहिली. आठवडाभर आभाळ कोरडं ठणठणीत आहे, इथे बसून शून्य लिहिलं तर कोण बघायला येतंय, असं तिचं म्हणणं.

"तुझ्या सासऱ्यांनी एकदा लिहिलं होतं तसं," मावशी म्हणाल्या.

सून दारातून बाजूला झाली. आधी हे काम सासऱ्यांकडे होतं. एका स्वच्छ सकाळी त्यांनी अंथरुणातूनच शून्य मांडलं. नेमका त्याच दिवशी तपासनीस वर गेला, तर भांड्यात तीन मिलिमीटर पाणी. त्या शून्याभोवतीचं लाल वर्तुळ जुन्या वहीत अजून आहे.

माळावर झाड नाही. वाळलं गवत, खुरटी झुडपं आणि दगड. बसलं की गुडघा आखडतो, म्हणून मावशी कुंपणाच्या मोडक्या खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. तिथे मेंढपाळ भेटला.

"मावशी, आज कशाला ही तंगडतोड? पाऊस पडला असता तर माझ्या मेंढ्या भिजल्या नसत्या?"

"तुझ्या मेंढ्या वही ठेवत नाहीत."

शेवटचा चढ त्यांनी आडव्या पावलांनी, दोन्ही हातांनी काठी रोवत काढला. वर पोचल्या तेव्हा आठ सव्वीस झाले होते. चार मिनिटं थांबून त्यांनी भांडं उघडलं, तळातलं पाणी मोजायच्या काचेत ओतलं आणि काच सपाट दगडावर ठेवली. आकडा वाचायला डोळा पाण्याच्या पातळीला आणावा लागतो. एरवी त्या गुडघे टेकत. आज गवतावर पालथ्या झाल्या. शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. पहाटे माथ्यावर धुकं होतं, गवत अजून ओलं होतं. यंत्राच्या पडद्यावर मात्र शून्य.

त्यांनी दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले. शेऱ्यात लिहिलं : "माथ्यावर धुकं. यंत्राच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं." यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम असल्याने जाळं त्यांनी काढलं नाही.

उठायलाच पाच मिनिटं गेली. घरी पोचायला सव्वादहा झाले. सुनेने गुडघ्यावर बर्फ धरला आणि उद्या मीही वर येणार, असं न विचारताच सांगून टाकलं. काच मीच वाचणार, एवढीच अट मावशींनी घातली.

उद्या चोविसावा दिवस. नोंद साडेआठलाच होईल. दोघी सहा पन्नासला निघणार आहेत.