कवडीतला जीव

माझे बाबा महानुभाव पंथाचे. पाणी फडक्यानं गाळून पितात, अंगावरची मुंगीसुद्धा फुंकर मारून उडवतात. अकोल्याच्या घरी रोज दुपारी शेजारचे चाचा येतात आणि दोघं चंगाष्टा खेळतात. त्यांच्या चार कवड्यांतली एक माझ्याच हातून हरवली होती. तिच्या जागी चिंचोका चालायचा, अन् दान वाईट पडलं की बाबा त्याच्यावरच खापर फोडायचे.

म्हणून मालवणकडे फिरायला गेलो तेव्हा ओहोटीला मी खडकाखाली हात घातला. कवडी कपारीला चिकटून होती, पाठीवर काळपट, मऊ पदर ओढून. बोट लागताच पदर आत गेला. आम्ही कापसाच्या मुलखातले. कवडी म्हणजे पटावरची नाहीतर माळेतली, तिला कुठला जीव? शेवाळ असेल, म्हटलं. पण खरं सांगते, मला दिसलं होतं. हवी होती, म्हणून मी डोळेझाक केली.

अकोल्यात पोचेपर्यंत कवडी ठेवलेला डबा घाण मारायला लागला. बाबा देवळात गेले होते. मोबाइलवर उपाय शोधला, कवडी उकळली अन् पिनेनं मांस ओढून मोरीत टाकलं. तेही बाबांच्या दुधाच्या गंजात. घाईत दुसरं भांडं हाताशी आलं नाही. मग तो गंज चारदा घासला आणि त्यातच त्यांना चहा करून दिला. माझी मलाच शिसारी आली.

जुन्या कवड्यांतही कधीतरी जीव होताच की, अशी मी मनाची समजूत घालते. पण त्या काही मी उकळल्या नव्हत्या.

बाबा नव्या कवडीवर भलतेच खूश. दुसऱ्या दिवशी चाचांनी ती हातात फिरवली.

"भाऊ, यात जनावर रायते. जितं असलं तरच अशी चमक रायते."

"ते मरून काठावर येते, तवा उचलतेत," बाबा म्हणाले. "माह्या पोरीले इचारा."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. तेव्हाच सांगायला हवं होतं.

"रिकामीच सापडली, बाबा," मी म्हटलं.

चाचांनी कवडी बाबांच्या हातात दिली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पायलं? माही पोरगी जिवाले जपते," ते चाचांना म्हणाले, अन् दान टाकलं.

आता कोणत्या तोंडानं सांगू?