घर माझं, भाडं यांच्या उत्पन्नात

मंचरला घर बांधलं तेव्हा खाली दोन गाळे काढून आम्ही ते भाड्यानं दिले. हे बँकेत नोकरीला. पगारात भाड्याची भर पडली, तसा इन्कम टॅक्सही वाढला. बँकेतल्या कुणीतरी यांना सुचवलं, "घर वहिनींच्या नावावर करून टाका. त्यांना कुठं दुसरं उत्पन्न आहे?"

बक्षीसपत्र करायला आम्ही घोडेगावला सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "ताई, हे घर तुम्हाला बक्षीस मिळतंय. कबूल आहे ना?" मी मान हलवली. अंगठ्याची शाई पुसताना मनात आलं, मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. माहेरी डिंगोऱ्याला वडील गेल्यावर आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, तेव्हा भाऊ फक्त "हितं कर" म्हणाला होता.

जुलैत रिटर्न भरायला गेलो, तर टॅक्सचे वकील कागद बघून हसले. "साहेब, बायकोला घर बक्षीस दिलं तरी भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात. टॅक्स तुम्हालाच."

घरी आल्यावर हे चहा घेताना म्हणाले, "उगाच खटाटोप झाला. परत माझ्या नावावर करून घेऊ."

"टॅक्स वाचत नाही म्हणून घर परत?"

"अगं, आपल्यात तुझं-माझं कसलं?"

"तेच म्हणते मी. मग राहू द्या की माझ्या नावावर."

नंतर बरेच दिवस हे कामापुरतंच बोलत. मलाही वाईट वाटायचं. यांनी मला कधी कशाची कमी पडू दिली नव्हती. घर मला टॅक्सपायी मिळालंय, हेही कळत होतं. तरी सोडवेना.

शेवटी मी एकटीच वकिलांकडे गेले आणि सगळं नीट विचारून घेतलं. ते म्हणाले, भाडं तुमच्या खात्यात साठवा. भाड्याचा टॅक्स साहेब भरतील, पण साठलेल्या भाड्यावर जे व्याज येईल, ते कायद्यानं तुमचं उत्पन्न.

मी यांना तसंच समजावून सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात भाड्याचा चेक माझ्या नावानं आला. गाळेवाल्यांना यांनीच सांगितलं होतं.

पुढं ग्रामपंचायतीचा माणूस घरपट्टीचं बिल घेऊन आला. "मालक हायेत का?" त्यानं दारातून विचारलं. हे पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आहेत. आत भाकरी करतायत."

ते चिडून बोलले की थट्टेनं, मला तेव्हा कळलं नाही. हात पुसत मी बाहेर आले.