कुलूपवाल्याचा उघडा पत्ता

कुलूपवाले काका प्रत्येक किल्लीला पितळेचा एक बिल्ला अडकवून देत. बिल्ल्यावर गिऱ्हाइकाचं ना नाव, ना घर. एक आकडा आणि काकांचा ईमेल पत्ता. किल्ली सापडेल त्याने काकांना कळवावं, आकड्यावरून काकांनी मालक हुडकावा. चोराच्या हाती किल्ली पडली, तरी दार कुठलं ते त्याला कळू नये. ही युक्ती काकांना स्वतःलाच इतकी आवडली, की तोच पत्ता त्यांनी पाटीवर रंगवला आणि दुकानाच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत टाकला. साऱ्या गावाची दारं बंद करणाऱ्या माणसाने स्वतःचं दार सताड उघडं टाकलं.

मग त्या पत्त्यावर मेलने पाहुणे येऊ लागले. केस वाढवणारं तेल, न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस, परदेशातल्या एका विधवेची बेवारस इस्टेट. दुकानाची पायरी चढलेल्याला उत्तर दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा काकांचा रिवाज. तेलवाल्याला त्यांनी कळवलं, ‘टक्कल आम्हाला शोभतं असं घरचे म्हणतात, तरी चौकशीबद्दल आभारी आहोत.’ विधवेचं दोन ओळींत सांत्वन केलं. तिच्यामागोमाग आणखी डझनभर विधवा आल्या.

अशातच बेकरीवाल्या मावशींची किल्ली हरवली. भट्टीच्या खोलीचं कुलूप काकांच्या वडिलांनी घडवलेलं, हुकाला किंवा तारेला दाद न देणारं. वडील हयात असताना काका त्यांच्यापुढे हरत. आता त्यांच्या कुलपापुढे हरले.

“दुपारपर्यंत वाट बघते,” मावशी म्हणाल्या. “मग कापा. पीठ फुगून भांड्याबाहेर आलंय, ते काही तुमच्या वडिलांचा मान ठेवणार नाही.”

काकांनी करवत काढली, पुसली, पुन्हा ठेवली. वडिलांच्या हातचं गावात तेवढं एकच कुलूप उरलं होतं.

कॉम्प्युटरची कामं करणारी भाची तेवढ्यात डबा घेऊन आली. तिने मेल उघडली आणि डबा तसाच हातात राहिला.

“मामा, तुम्ही या सगळ्यांना उत्तरं देता?”

“मग? आलेल्या माणसाला साधं पाणीही विचारायचं नाही?”

“हे लोक घरात कोणी आहे का बघायला कडी वाजवतात. तुम्ही आतून ‘कोण आहे?’ म्हणता. मग ते दहा जणांना सांगतात, इथे माणूस राहतो म्हणून.”

हा उपदेश काका स्वतः रोज गिऱ्हाइकांना फुकट देत.

“पत्ता बदलून टाकू?” भाचीने विचारलं.

“आणि गावभरच्या बिल्ल्यांचं काय? ते कोण खरवडणार, तू?”

भाचीने मग मावशींच्या बिल्ल्याचा आकडा घालून मेलमध्ये शोध घेतला. स्पॅमच्या ढिगात, तेल आणि लॉटरी यांच्यामध्ये, एक मेल निघाली: ‘तुमची वस्तू माझ्याकडे आहे. ताबडतोब संपर्क करा.’ खाली बिल्ल्याचा आकडा आणि फोन नंबर. पाठवणारी वाचनालयातली बाई होती.

“ही मी परवाच वाचली,” काका ओशाळून म्हणाले. “खंडणीवाला वाटला.”

“त्याला तेवढं उत्तर दिलं नाहीत.”

“गुंडाशी काय बोलायचं?”

वाचनालयातली बाई किल्ली घेऊन स्वतःच आली. कुलूप एका फेऱ्यात उघडलं. करवत खणात गेली आणि मावशी पिठाकडे धावल्या.

संध्याकाळी भाचीने वेबसाइटवरून पत्ता काढून तिथे फोन नंबर टाकला. खरेदीसाठी, फॉर्म भरण्यासाठी दुसरा पत्ता काढून दिला. त्याला काका ‘ओसरी’ म्हणू लागले. बिल्ल्याचा पत्ता फक्त बिल्ल्यांसाठी राहिला. आकडा असलेली मेल वेगळ्या कप्प्यात पडेल अशी सोय तिने केली, आणि अनोळखी मेलना उत्तर न देण्याची शपथ मामांकडून घेतली. पाटीवरचा पत्ता काकांनी स्वतः रंग लावून बुजवला. विधवांचं तेवढं त्यांना अधूनमधून वाईट वाटतं.

वाचनालयातल्या बाईलाही बिल्ला हवा होता. काका तो कोरत असताना एक अनोळखी गृहस्थ कुतूहलाने गल्ल्यावरून वाकले. काकांनी हसून बिल्ला पालथा घातला.

“काय हवं आपल्याला?” त्यांनी विचारलं. पायरी चढून आलेल्याला विचारणं भागच होतं.