तिघांनी बसायचा गुरुवार

चौकातल्या किल्लीवाल्याचा जगात एकाच गोष्टीवर भरवसा होता, कुलपावर. माणसांवर भरवसा ठेवायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याची पंधरा वर्षांची पोरगी टोळक्याबरोबर बंद दुकान उघडताना पकडली गेली, तेव्हा आपलेच दात आपलेच ओठ म्हणून तो गप्प बसला. ती कला तिने त्याच्याच शेजारी बसून उचलली होती. पुन्हा सापडली तर सुधारगृहात पाठवू, अशी तंबी देऊन पोलिसांनी तिला सोडलं.

त्यानंतर दर गुरुवारी समुपदेशक बाई घरी येऊ लागल्या. पोरीला एकटीला त्या कधीच बसवत नसत. आई, बाप, लेक, तिघंही समोर लागत. "सवय सगळ्या घराला लावायचीय," म्हणायच्या. पोरीने कुठं, कुणाबरोबर जाते ते खरं सांगायचं. सांगितल्यावर मोठ्यांनी हात उगारायचा नाही, कोंडायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. किल्लीवाल्याला हा पोरखेळ वाटला, पण बायकोच्या धाकाने त्याने मान डोलावली. आणि नवल म्हणजे जमू लागलं. पोरगी भाजी चिरता चिरता बोलायची, मध्येच हसायचीसुद्धा.

एका संध्याकाळी आई कामावर असताना ती बापाजवळ आली.

"बाबा, आज ती टोळक्यातली पोरं मला न्यायला येणारेत. मला नाही जायचं. पण समोर आली की माझ्याच्याने 'नाही' म्हणवत नाही. तुम्ही बसाल माझ्याजवळ?"

एवढ्याचसाठी बाई इतके गुरुवार खपत होत्या. किल्लीवाल्याची मात्र पाचावर धारण बसली. त्याने पोरीला आतल्या खोलीत ढकललं, बाहेरून दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप घातलं आणि पाना घेऊन रस्त्यावर उभा राहिला. माया होती हो, पण आंधळी.

कुणीच आलं नाही. बायको परतल्यावर त्याने ऐटीत दार उघडलं.

"बघ, गेली का कुठं?"

पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. बायकोने कपाळाला हात लावला.

गुरुवारी बाईंनी आठवडा कसा गेला म्हणून विचारलं. "छान," पोरगी म्हणाली. पुढच्या गुरुवारीही छानच. भाजी चिरताना आता फक्त विळीचा आवाज यायचा. महिन्याभरात ती त्याच टोळक्याबरोबर एका गोदामाचं कुलूप उघडताना सापडली.

तिला न्यायला सुधारगृहाची गाडी आली, तेव्हा किल्लीवाला हुंदके देत म्हणाला, "एकदा तरी सांगायचंस गं मला."

"सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली आणि आईला बिलगली.