बर्फावर गेलेल्यांची वही

आमच्या गावच्या लायब्ररीत दाराजवळ एक वही असते. हिवाळ्यात लेक सुपीरियरचा आमच्या बाजूचा भाग गोठला की मासे पकडायला बर्फावर जाणारा प्रत्येक जण तिच्यात नाव आणि वेळ लिहितो, परतला की नावावर काट मारतो. पाचला लायब्ररी बंद करताना काट नसलेलं नाव दिसलं तर अग्निशमन दलाला फोन करायचा. दलात पगारी कुणी नाही. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस, शाळेची बस चालवणारी बाई, असे गावातलेच लोक हातातलं काम टाकून येतात.

मी इथल्या छोट्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. शनिवारी लायब्ररीत मदत करते, कारण तिथे फारसं बोलावं लागत नाही.

गावात दुसरं मराठी घर एकच. त्या घरातले काका दक्षिणेकडे नोव्हाय शहरात गाड्यांच्या कंपनीत होते. रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन इकडे आले. काका वहीत काट मारत नसत. "जिवंत माणसाच्या नावावर काट मारायची नाही," असं काकूंनी बजावलं होतं, म्हणून ते नावापुढे टिक करत. तीही विसरत. दोनदा माणसं त्यांना शोधायला बर्फावर गेली आणि काका घरी चहा पीत बसलेले. दुसऱ्या वेळी लायब्ररियन मला म्हणाली, "तुमच्या काकांना जरा समजाव." तिने सहज म्हटलं असेल. मला ते 'तुमच्या', म्हणजे तुम्हा लोकांच्या, दिवसभर टोचत राहिलं.

काकांना सांगितलं तर हसले. "तुम्ही इंग्लिश मीडियमची मुलं, गोऱ्यांना फार घाबरता बुवा."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी चारच्या सुमाराला मी खिडकीतून त्यांची लाल व्हॅन पार्किंगमधून बाहेर पडताना पाहिली. पाचला वही उघडली तर काकांच्या नावापुढे काहीच नाही. परत विसरले, असं मला वाटलं. मी पेन घेतलं आणि त्यांच्यासारखीच टिक केली.

"सगळे आले?" लायब्ररियनने विचारलं.

"हो."

व्हॅन काकू घेऊन गेल्या होत्या, सामान आणायला. सव्वासहाला काकांना न्यायला त्या लायब्ररीपाशी परत आल्या आणि तिथून मला फोन केला. "लायब्ररी तर बंद आहे. काका तुझ्याकडे आहेत का गं?"

काका सापडले तेव्हा आठ वाजले होते. बर्फाच्या भेगेत पाय अडकून घोटा मोडला होता आणि बुटात पाणी भरलेलं. पुढे तो पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

गावाच्या सभेत लायब्ररियन उभी राहून म्हणाली, "वहीत टिक होती, तरी मी स्वतः खात्री करून घ्यायला हवी होती." काकू तिला सगळ्यांसमोर खूप बोलल्या. मी शेवटच्या रांगेत बसले होते. घरी गेले, जेवले.

एप्रिलमध्ये काका कृत्रिम पाय घेऊन माझ्याकडे आले. दोन दांड्यांच्या मध्ये त्यांना उभं करून मी पाऊल टाकायला शिकवत होते. काकू खुर्चीवर बसल्या होत्या.

"हिला अजून वाटतं, मीच टिक केली आणि परत बर्फावर गेलो," काका म्हणाले. "मला वेड लागलंय का?"

"विसरलाही असाल," काकू म्हणाल्या. "तुमचं काही सांगता येत नाही हल्ली."

काकांनाही तसंच वाटायला लागलं असावं.

"टिक मी केली," मी म्हणाले. "व्हॅन जाताना बघितली होती. मला वाटलं, तुम्ही आलात."

काकांनी दांडी सोडली नाही. त्यांनी विचारलं, "इथे दुसरं कुणी आहे का शिकवणारं?"

"नाही. मी एकटीच आहे."

"मग आजचं पुरे."

मी व्हीलचेअर पुढे केली. ते माझ्या हाताला हात न लावता बसले.

काकू कोट घालत होत्या. "त्या लायब्ररीतल्या बाईला सांगितलंस?"

"नाही."

"मी तिला नको नको ते बोलले, आणि तू तिथे बसून ऐकलंस." त्यांनी बटणं लावली. "चल आत्ता. मी बरोबर येते. पण बोलायचं तुलाच."