झूम प्लसचा निवाडा

धडगावच्या जीपस्टँडला लागून रमिलाबाई पावराचं चहाचं दुकान आहे. बाईने पन्नाशी ओलांडली, पण स्वस्थ बसणं तिला माहीतच नाही. एका हाताने भजी तळेल, दुसऱ्याने गिऱ्हाइकाला बाकावर सरकायला लावेल, आणि तोंडाने तिसऱ्याच कुणाशी तरी भांडत असेल. तिला सारखं काहीतरी नवं सुचतं. शिलाई मशीन घेऊ, पिठाची गिरणी टाकू, गावठी कोंबड्या पाळू. आणि तिने तोंड उघडलं रे उघडलं की तिचा नवरा वीरसिंग, जो एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलत नाही, शांतपणे एकच शब्द बोलतो.

"डबा."

झालं. पंचवीस वर्षं या एका शब्दाने त्या घरातले सगळे बेत पाडले. मला विचाराल तर हा वीरसिंग दिसतो तितका गरीब नाही.

आता हा डबा काय, ते सांगतो. नवराबायको तेव्हा तरुण होते, ऊसतोडीला बारडोलीकडे जायचे. परतताना सुरतच्या एका दुकानात रमिलाबाईने टीव्हीला जोडायचा 'झूम' नावाचा व्हिडिओ गेम पाहिला आणि उचलून धडगावला आणला. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, ही इथली जुनी रीत. मग ती भरेपर्यंत माणसाने करायचं काय? गेम खेळायचा, चहा प्यायचा. दुकान असं चाललं, असं चाललं की मागच्या कोपऱ्यात उभं राहायला जागा मिळेना! बाई हरखून गेली. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा 'झूम प्लस' निघाला. हा वेगळा गेम नव्हता. जुन्या गेमच्या खाली जोडायचा एक जाडजूड काळा डबा, त्यात गाण्याच्या कॅसेटसारखी टेप घालायची, की म्हणे सिनेमासारखी चित्रं दिसतात. वीरसिंगला त्या वर्षी एकट्या पडलेल्या बैलाला जोडीदार आणायचा होता. तो नको नको म्हणत राहिला. घरात बैलाऐवजी डबा आला.

आणि डब्याने काय दिवे लावले म्हणता? टेप घातली की तो आधी मांजरासारखा केकाटायचा. मग पडद्यावर डाव्या टोकाला एक इवलासा घोडा दिसायचा. तो चालत चालत उजव्या टोकाला पोचला की खेळ सुरू होणार. पण घोडा असा चालायचा की त्याच्या आधी जीप भरायची. मधेच लाईट गेली तर घोडा परत पहिल्या पावलावर. हळूहळू गिऱ्हाईक कंटाळलं. कंपनीने वर्षभरात डबा बंद केला, नव्या टेपा येईनात, आणि एके दिवशी त्या डब्याने तापून तापून वरचा चांगला चालणारा गेमही जाळून टाकला. कोपरा ओस पडला. बैलही नाही, गेमही नाही.

यंदा होळीच्या आधी रमिलाबाईची मुलगी सुनिता घरी आली. ती तिकडे चिंचपाड्याला दवाखान्यात नर्स आहे. दुपारी चहा पिता पिता तिने आईसमोर मोबाइल धरला. पुण्यातले दोन गृहस्थ समोरासमोर बसून तावातावाने भांडत होते. मध्ये टेबलावर होता झूम प्लस!

"अगं, हा तर माझा डबा!" रमिलाबाई एवढ्याने ओरडली की स्टँडवरच्या दोन जीपचे ड्रायव्हर धावत आले.

एक गृहस्थ म्हणत होता, या डब्याने कंपनी बुडवली, याच्याइतकी फसलेली वस्तू दुसरी नाही. दुसरा म्हणत होता, छे, डबा काळाच्या पुढे होता, नंतरच्या यंत्रांनी त्याच्याकडूनच धडे घेतले. तासभर चाललेलं ते भांडण रमिलाबाईने पुन्हा पुन्हा पाहिलं. शिकलेसवरलेले लोक आपल्या डब्यावर वाद घालतात! तिचा आनंद पोटात मावेना. येईल त्या गिऱ्हाइकाला तिने ते ऐकवलं, आणि बघता बघता सगळ्या स्टँडचे दोन तट पडले. चहा गार व्हायचा, पण वाद गार व्हायचा नाही.

त्याच उत्साहाच्या भरात तिने मनातला बेत बोलून टाकला. शेजारचा गाळा रिकामा आहे. तो घ्यायचा, दोन टीव्ही लावायचे, जुने सगळे खेळ आता बोटाएवढ्या यंत्रात मिळतात ते आणायचे. जीप अजूनही भरल्यावरच सुटते की!

वीरसिंगने बिडी खाली ठेवली आणि म्हणाला, "डबा."

या वेळी मात्र बाईचा भडका उडाला. "बसव पंच! होऊन जाऊ दे एकदा. डबा फसला असेल तर मी गाळ्याचं नाव काढणार नाही. नसेल फसला तर तू आडवा यायचं नाहीस."

"बसवतो," वीरसिंग लगेच म्हणाला. आपण जिंकणार याची त्याला बालंबाल खात्री होती.

भोंगऱ्या बाजाराचा दिवस ठरला. होळीआधीच्या त्या बाजाराला बाहेर कामाला गेलेले सगळे परततात, म्हणजे त्या काळी डब्यापुढे बसलेली पोरंही आता बापे होऊन आलेली. ढोल घुमत होते, पावऱ्या वाजत होत्या, आणि रमिलाबाईच्या दुकानासमोरच्या ताडपत्रीखाली पंच बसले. मधोमध रेवजीबाबा. जमिनीच्या बांधापासून मोडलेल्या लग्नापर्यंत सगळे तंटे या म्हाताऱ्याने मिटवलेले. डब्याचा मात्र हा पहिलाच. पण त्याने चेहऱ्यावर हसू येऊ दिलं नाही. पंच म्हणजे पंच.

पहिला उठला दोधू ड्रायव्हर. हा शहाद्याकडचा, बोली अहिराणी, आणि डब्यावर जुना राग.

"मन्ही जीप भरी जाये, पन निम्मी सवारी इन्हा दुकानमा! हॉर्न वाजाडी वाजाडी मन्हा हात दुखे, पन एक पोऱ्या उठे तं शपथ! घोडा आते पोचस, घोडा आते पोचस, आसं सांगेत. तो घोडा आजपावत पोचना नही!"

माणसं पोट धरून हसली. रमिलाबाई मुळीच दबली नाही. पुण्याच्या गृहस्थाचा काळाच्या पुढचा मुद्दा तिने असा ठणकावून मांडला की बाजारातली माणसं नारळ-गूळ टाकून ऐकायला आली. तिच्या बाजूने नाशिकला कारखान्यात काम करणारा एकजण उठला आणि म्हणाला, "मशीनला धीर धरावा लागतो, हे मी या घोड्याकडे बघून शिकलो." टाळ्या पडल्या. दोधू चिडून पुन्हा उठला. आवाज चढले. सुनिता मोबाइलवर सगळं टिपत होती आणि आईला डोळ्यांनी शाबासकी देत होती. बाईला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात रेवजीबाबांनी हात वर केला. "एवढंच सांगा. घोडा पलीकडे पोचलेला इथे कुणी पाहिला?"

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. एकही हात वर गेला नाही. शेवटी सगळ्यांच्या नजरा रमिलाबाईवर. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

"मी पाहिला," ती म्हणाली. "दोनदा."

हशा उसळला. वीरसिंग गालात हसत होता. ते हसू पाहून तिच्या काळजात कळ उठली. मशीन गेली, गिरणी गेली, आता गाळाही गेला. एका डब्याची शिक्षा आणखी किती वर्षं? आणि हा विचार मनात येताच ती थबकली. शिक्षा तर पंच देतात. पंचांनी आजवर कुठे दिली?

ती ताडकन उठली. "बाबा, डबा फसला. साफ फसला. चूक माझी. दंड सांगा."

"आई, काय करतेस?" सुनिता कळवळली.

पंचांनी आपापसांत कुजबुज केली आणि बसलेल्या सगळ्यांना गूळ-डाळ्या, असा दंड ठरला. रमिलाबाईने बाजारातून टोपलं भरून आणलं आणि स्वतः वाटलं. रेवजीबाबांनी गुळाचा एक खडा मोडून नवराबायकोच्या तोंडात अर्धा अर्धा घातला आणि प्रत्येक निवाड्याच्या शेवटी सांगतात तेच मोठ्याने सांगितलं, "दंड भरला, गूळ खाल्ला, वाद मेला. आता जो हा विषय पुन्हा काढेल, दंड त्याच्यावर."

जिंकलेला वीरसिंग मिटक्या मारत गूळ खात होता. रमिलाबाई त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"सुनिताच्या बापा, ऐक. मी गाळ्याचं नाव काढणार नव्हते ना? आता तो वादच मेला, तर त्यावरची अटही मेली. मी शेजारचा गाळा घेते."

वीरसिंगने तोंड उघडलं. शब्द ओठावर आला होता.

"ओ वीरसिंगभाऊ!" दोधू आनंदाने किंचाळला. "बोलू नको, दंड लागी तुले!"

वीरसिंगने पंचांकडे पाहिलं. रेवजीबाबांनी मान हलवली आणि मग मात्र म्हाताऱ्याला हसू आवरेना. सगळी ताडपत्री हसत होती. सुनिता तर उड्या मारत होती. वीरसिंगने मान वळवून शेजारच्या गाळ्याकडे पाहिलं. तोंडातला गूळ संपला, तरी जबडा हलतच होता.

"तो गाळा पत्र्याचा आहे," तो शेवटी म्हणाला. "उन्हाळ्यात भट्टीसारखा तापेल. टीव्ही टिकतील का?"

रमिलाबाईचं हसू एकदम थांबलं. तिच्या बेताबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"वरून गवताचं छप्पर घालू," ती म्हणाली. "तूच घालून दे."

"किती लांबीचं?" त्याने विचारलं.