पाठकोरा तक्ता

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही, इतकी वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्या शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगणार आहे. सांगायचं ठरलंय – फक्त जरा लांबून येऊ द्या.

मी नियोजन करणारी बाई आहे. माझ्या डाळीच्या डब्यांवरही तारखा असतात, घरचे हसतात. दर उन्हाळ्यात मी सहावी ते आठवीचं अख्खं वर्ष आखते. महिन्याला एक विषय, आणि त्या एका विषयात सगळे तास गुंफायचे. ‘बाजार’ घेतला की नफा-तोटा गणितात, पिकं भूगोलात, विकणाऱ्यांच्या आरोळ्या मराठीत. देऊळघाटाच्या बाजूला आमचं गाव. आसपासच्या शाळांतले शिक्षक माझं नियोजन मागून नेतात. मला ते आवडतं. का नाही आवडणार?

यंदा नियोजनाला बसलो तेव्हा नव्यानं आलेल्या सरांनी यादी पाहून विचारलं, “मॅडम, पाणी काऊन नाई यात?”

मी म्हणाले, ते विज्ञानात होऊनच जातं. पटकन म्हणाले. इतकं पटकन की माझं मलाच कळलं – हे उत्तर तयार होतं. किती वर्षांपासून तयार होतं?

पाणी मी एकदाच घेतलं होतं. छान जमलं होतं. मुलांनी टाकीचं घनफळ काढलं, वाळू-कोळशाची गाळणी केली, गावातल्या विहिरींचा नकाशा केला. मराठीत मुलाखत होती – घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी पाणी कसं भरायचे? सातवीतल्या प्रज्ञानं तिच्या आजीला विचारलं. प्रज्ञा बौद्ध वस्तीतली. आजी जे बोलली ते तिनं जसंच्या तसं तक्त्यावर उतरवलं, मोठ्या गोल अक्षरात:

“आमी मोठ्या विहिरीच्या ओट्याखाली उभे राहो. वरून कोनी वतलं त घागर भरे. नाई वतलं त रिकामी घेऊन घरी.”

मी तो तक्ता भिंतीवर लावला. खरंच लावला, अगदी मधोमध. मग प्रदर्शनाच्या सकाळी मला आठवलं की उद्घाटनाला शाळा समितीचे अध्यक्ष येणार आहेत. मोठी विहीर त्यांच्या आजोबांची. आणि अध्यक्ष माझ्याच समाजातले – लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारे.

मी तक्ता काढला.

मला कोणी सांगितलं होतं का? नाही. मुख्याध्यापकांना तर पत्ताही नव्हता. अध्यक्षांनी वाचला असता तर काय झालं असतं – मला माहीत नाही. मी ते होऊच दिलं नाही. प्रदर्शन नीट पार पडलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. नीट म्हणजे कोणासाठी नीट, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

दुपारी प्रज्ञा आजीला घेऊन आली. धुतलेलं पांढरं लुगडं, केसांना तेल. म्हातारीला वाचता येत नव्हतं. भिंतीवर आपलं बोलणं लावलंय एवढं ऐकून आली होती. एकेका तक्त्यापुढे थांबून नातीला विचारी, हे माहं हाय का? शेवटी माझ्याकडे वळली. “कुठं हाय वो बाई माहं?”

मी म्हणाले, आजी, जागा पुरली नाही.

“हाव का,” ती म्हणाली. “बरं.” आणि गाळणी पाहायला गेली. गाळणीचं कौतुकही केलं.

प्रज्ञा मात्र तिथंच उभी. “मॅडम, जागा हाय न.” बोट दाखवत होती – तक्ता काढलेल्या जागी डिंकाचे चार डाग, मध्ये मोकळी भिंत. मी तिला काय म्हणाले असेन? सगळ्यांसमोर म्हणाले – “प्रज्ञा, प्रत्येक ठिकाणी पुढं पुढं करायची सवय बरी नाही.”

त्यानंतर त्या मुलीनं माझ्या वर्गात आपणहून हात वर केला नाही. आठवी संपेपर्यंत.

इथं थांबले असते तरी तुम्ही म्हणाला असता, सांगितलं बाईंनी. पण अजून एक आहे, आणि तेच मला सांगवत नव्हतं. मी काही वाया घालवत नाही. पाठकोरा कागद तर कधीच नाही. पुढच्या महिन्याचा विषय ‘प्रवास’ होता. प्रज्ञाचा तक्ता मी उलटा केला, कोऱ्या बाजूवर मुलांकडून देऊळगाव राजाच्या एसटीचं वेळापत्रक लिहून घेतलं आणि भिंतीला डकवला. वर्ष संपेपर्यंत तो तिथं होता. आजीचे शब्द भिंतीकडे तोंड करून. प्रज्ञा रोज त्याच्या समोर बसायची. कागद पातळ होता. दुपारच्या उजेडात तिची गोल अक्षरं उलटी दिसायची. मला दिसायची, म्हणजे तिलाही दिसत असणार.

पुढच्या उन्हाळ्यात यादीतून पाणी गेलं. दरवर्षी जात राहिलं.

आजी वारली. प्रज्ञा लग्न होऊन जालन्याला असते म्हणतात. तिचा नंबर मी आता मिळवलाय. लिहून झालं की आधी तिला हे वाचून दाखवणार. तिनं मधेच फोन ठेवला तर ठेवला.

नियोजन बदललंय. जुलै: पाणी. मुलाखत आहे, नकाशाही आहे. प्रज्ञा हो म्हणाली तर आजीचे शब्द आजीच्या नावासकट दारासमोरच्या भिंतीवर लागतील. नाही म्हणाली तर ती जागा रिकामी ठेवून तिथं मी एवढंच लिहीन की इथला तक्ता एका शिक्षिकेनं घाबरून काढला होता, आणि खाली माझं नाव घालीन. समितीवर आता त्या वेळच्या अध्यक्षांचा मुलगा आहे. उद्घाटनाचं आमंत्रण त्याला मीच देऊन आले.